मधुमेही पायाची थर्मल तपासणी : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

तळव्याचा एक भाग लालभडक, बाकीचा निळा. असा थर्मल फोटो (त्वचेचं तापमान रंगांत दाखवणारा) पुढे करून "आत काही सुरू झालंय का?" असं विचारणारे आता बरेच भेटतात. अशा बहुतेक फोटोंवरून हो किंवा नाही, काहीच सांगता येत नाही. पाय दोन मिनिटांपूर्वी बुटातून बाहेर आलेला असतो, एक टाच गादीला टेकलेली असते आणि कॅमेऱ्याने रंग स्वतःच्या मर्जीने वाटलेले असतात. त्यात लाल म्हणजे धोका हा समज इतका पक्का असतो की शेजारचा आकडा कोणी वाचतच नाही.

वाचायची गोष्ट खरं तर एकच आहे: दोन्ही पायांवरच्या त्याच जागेच्या तापमानातला फरक. तो २.२ अंश सेल्सिअसपेक्षा, म्हणजे ४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर तिथे दाह (आतल्या इजेमुळे येणारी ऊब आणि सूज) सुरू झालाय असं धरून चालायचं. मधुमेहामुळे संवेदना गेलेल्या पायावर एकाच ठिकाणी दाब पडत राहतो. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो, आतल्या ऊतींना इजा होत जाते, आणि कातडी फुटण्याच्या आधी ती जागा तापते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना घरी रोज तापमान मोजणाऱ्या चटईवर उभं केलं होतं. २.२२ अंशांची मर्यादा लावल्यावर ९७ टक्के जखमांची चाहूल सरासरी ३७ दिवस आधी लागली. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण मात्र ५७ टक्के होतं. पुढचे बरेचसे नियम या दुसऱ्या आकड्यासाठी आहेत.

## सुरू करण्याआधी: ही तपासणी कोणासाठी?

पायाची संवेदना कमी झाली आहे, पूर्वी जखम होऊन भरली आहे, बोटं वाकडी झाली आहेत किंवा एखादं बोट काढावं लागलं आहे, अशा लोकांना रोजच्या मोजणीचा उपयोग होतो. डायबेटिक फूटवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही मध्यम आणि जास्त धोका असलेल्यांनाच दिवसातून एकदा तापमान मोजायला शिकवावं असं सुचवतात.

आपण कोणत्या गटात आहोत हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक तंतू) तळव्याला टेकवून आणि १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) अंगठ्याच्या हाडावर ठेवून संवेदना तपासतात, घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी पाहतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. संवेदना आणि रक्तपुरवठा शाबूत असेल तर वर्षातून एकदा होणारी ही तपासणी पुरते. तिथे थर्मल कॅमेरा फुकट घोर लावतो.

थांबा: उघडी जखम, पू, दुर्गंधी, काळं पडलेलं बोट, पसरत जाणारी लाली, अचानक आलेली सूज, पायाच्या तक्रारीसोबत ताप, यातलं काहीही असेल तर फोटो काढत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तापमानाचा फरक शून्य आला तरी या लक्षणांचं महत्त्व कमी होत नाही.

## टप्पा १ : साधन निवडा आणि एकदाच नीट लावून ठेवा

फोनला जोडायच्या थर्मल कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात अचूकता बहुतेक वेळा "अधिक-उणे ३ अंश" अशी लिहिलेली असते. मग २.२ अंशांचा फरक त्याला कसा कळणार? कळतो, कारण ही चूक एका फोटोत दोन्ही पायांना जवळपास सारखीच लागू होते. आकडे दोन्हीकडे १ अंशाने वाढले तरी वजाबाकी तीच राहते. म्हणूनच दोन्ही तळवे एकाच फोटोत आले पाहिजेत. उजव्याचा एक आणि डाव्याचा दुसरा फोटो काढला की हा फायदा गेला.

रिझोल्यूशनचा हिशेब करून बघा. ५० अंशांचा दृश्यकोन असलेला कॅमेरा ६० सेंटिमीटरवरून साधारण ५६ सेंटिमीटर रुंदी टिपतो. आडवे ८० पिक्सेल असतील तर एकेक पिक्सेल ७ मिलिमीटरचा झाला, म्हणजे करंगळी एक-दोन पिक्सेलांत संपली. १६० पिक्सेल असतील तर तोच आकडा साडेतीन मिलिमीटरवर येतो. बोटांकडे लक्ष द्यायचं असेल तर यापेक्षा कमी घेऊ नका. काही ॲप साध्या फोटोतल्या कडा थर्मल चित्रावर चढवतात. चित्र रेखीव दिसतं, पण तापमानाची माहिती तेवढीच राहते.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बदलायच्या:

१. एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा आकडा, ०.९८ ठेवा. माणसाच्या त्वचेसाठी हाच आकडा वापरतात.

२. रंगपट्टीची स्वयंचलित मर्यादा बंद करून २२ ते ३६ अंश अशी कायमची मर्यादा लावा. स्वयंचलित पट्टी चित्रातल्या सर्वांत गरम जागेला लाल रंग देते, मग ती जागा २७ अंशांची असो की ३५ अंशांची. कालचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवून "लाली वाढली" म्हणणाऱ्यांची गफलत इथेच होते.

३. ॲपमध्ये मर्यादा पक्की करण्याची सोय नसेल तर रंग सोडून करडी पट्टी घ्या. डोळा कमी फसतो.

थर्मल कॅमेरा नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटरनेही (न टेकवता तापमान मोजणारं यंत्र) टप्पा ४ मधल्या सहा जागांचं काम भागतं. फक्त कपाळाचा ताप मोजायचं यंत्र "बॉडी" मोडवर ठेवू नका. त्या मोडमध्ये यंत्र कपाळाच्या आकड्यात आपली भर घालून शरीराचा ताप दाखवतं, आणि तळवा २८ अंशांचा असला की नुसतं "लो" म्हणतं. "सरफेस" मोड असेल तरच वापरा. कारखान्यात वापरतात ती तापमान मोजायची बंदूक असेल तर तिच्यावरचं अंतराचं गुणोत्तर वाचा. १२:१ लिहिलं असेल तर ३० सेंटिमीटरवरून ती अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी देते. बोटासाठी तेवढं वर्तुळ मोठं पडतं, तेव्हा आणखी जवळ जावं लागेल.

खात्री करा: कॅमेरा सुरू करून पाच-सात मिनिटं तसाच राहू द्या. सुरुवातीला तो स्वतःच तापत असतो आणि आकडे सरकतात. मधूनमधून येणारा "टिक" आवाज म्हणजे तो स्वतःला जुळवून घेतो आहे. तो आवाज होऊन गेल्यावर फोटो घ्या.

## टप्पा २ : खोली आणि पाय तयार करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं.

खोली २० ते २४ अंशांच्या आसपास असावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज साधारण तेवढीच असावी. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट पायावर नको. एका पायाला वारा लागला आणि दुसऱ्याला नाही, एवढ्यावरूनही खोटा फरक उभा राहतो. खिडकीतलं ऊन, हीटर, पिवळा दिवा, चार्जिंगला लावलेला लॅपटॉप, हे सगळं लांब ठेवा.

मोजायची वेळ रोज तीच ठेवा. सकाळी उठल्यावर, फिरायला जायच्या आणि अंघोळीच्या आधीची वेळ बरी. चालून आल्यावर दोन्ही पाय तापलेले असतात, आणि माणूस एका पायावर जास्त भार देत असेल तर एकच पाय जास्त तापतो. त्याआधी चहा-कॉफी आणि धूम्रपान नको, दोन्हींनी त्वचेचा रक्तप्रवाह बदलतो. मलम, तेल, पावडर काहीही लावायचं नाही. पाय ओले असतील तर पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मग घड्याळ लावा. ओली त्वचा पाणी उडताना थंड पडत जाते.

आता पाय उघडे करून १५ मिनिटं थांबायचं:

१. दोन्ही पायांचे मोजे, चपला, बूट, पट्ट्या एकाच वेळी काढा. एक मोजा आधी आणि दुसरा फोनवर बोलून झाल्यावर, असं करू नका.

२. पलंगावर किंवा लांब बाकावर पाय पसरून बसा. पोटऱ्यांखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. गादीला टेकलेली टाच गरम होते, फरशीला टेकलेली गार पडते.

३. पायावर पाय टाकू नका. वरच्या पायाचा रक्तप्रवाह दबतो आणि जिथे कातडीला कातडी लागते तिथे ऊब साठते.

४. या वेळात तळवे डोळ्यांनी नीट पाहून घ्या, मात्र हात लावू नका. बोटांनी दाबून पाहिलं की थर्मल चित्रात बोटांचे ठसे उमटतात आणि काही वेळ टिकतात. चाचपायचं ते फोटो झाल्यावर.

डोळ्यांनी काय पाहायचं? घट्टे, घट्ट्याखाली दिसणारा तपकिरी-लाल डाग (आत रक्त साकळल्याचं लक्षण), टाचेच्या भेगा, बोटांमधली पांढरट ओली कातडी, नखाची रुतलेली कड, फोड, रुतलेला खडा किंवा काच. जे दिसेल ते लिहून ठेवा. चित्रात तीच जागा वेगळी दिसली तर कारण शोधायला लांब जावं लागणार नाही.

खात्री करा: १५ मिनिटं झाल्यावर एक चाचणी फोटो घ्या आणि तीन मिनिटांनी दुसरा. दोन्हींतला फरक, म्हणजे उजवा वजा डावा, अजून बदलत असेल तर पाय स्थिरावलेले नाहीत. आणखी पाच मिनिटं द्या.

## टप्पा ३ : फोटो काढा

फोटो दुसऱ्या कोणीतरी काढावा. स्वतःच्या तळव्यांसमोर कॅमेरा सरळ धरणं जवळजवळ अशक्य आहे, आणि वाकड्या कोनातून घेतलेल्या चित्रात लांबची बाजू गार दिसते. एकटेच राहत असाल तर ट्रायपॉड आणि टायमर वापरा, नाहीतर सरळ इन्फ्रारेड थर्मामीटरकडे वळा.

१. पायांमागे, घोट्यांपाशी, साधा खरखरीत पुठ्ठा उभा करा. मागून दिसणारे मांड्या-पोट हे गरम भाग चित्रात मिसळत नाहीत. चंदेरी कागद किंवा चकचकीत पत्रा चालणार नाही, त्यात आजूबाजूची उष्णता आरशासारखी परावर्तित होते.

२. दोन्ही तळवे कॅमेऱ्याकडे सरळ, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, टाचा एका रेषेत. एक पाऊल बाहेर वळलेलं असेल तर हलकेच सरळ करायला सांगा. संवेदना नसलेल्या माणसाला ते वळलंय हे कळलेलंच नसतं.

३. कॅमेरा तळव्यांच्या मधोमध, ६० ते ७० सेंटिमीटरवर, तळव्याच्या उंचीला धरा. जमिनीवर या अंतराची चिकटपट्टी कायमची लावून ठेवा.

४. लागोपाठ तीन फोटो घ्या. सोबत त्याच जागेवरून एक साधा फोटोही घ्या. थर्मल चित्रात घट्टा आणि जखम वेगळी ओळखता येत नाही.

५. शेवटी पावलांच्या वरच्या बाजूचा एक फोटो. बुटाचा दाब बोटांच्या सांध्यांवर पडतो आणि तिथली जखम तळव्याच्या चित्रात कधीच दिसत नाही.

टाळा: घट्टा काढून, नखं कापून किंवा पाय चोळून लगेच फोटो काढणे. घासलेली जागा तापतेच.

## टप्पा ४ : आकडे काढा

प्रत्येक पायावर सहा जागा ठरवा: अंगठ्याचं टोक, अंगठ्यामागचा चवडा, चवड्याचा मध्य, करंगळीमागचा चवडा, तळव्याचा मधला भाग आणि टाच. पूर्वी जिथे जखम झाली होती ती जागा सातवी म्हणून धरा.

ॲपमधला एका टिंबाचा आकडा घेऊ नका, एखादा पिक्सेल सहज इकडेतिकडे होतो. जागेवर बोटाच्या पेराएवढा चौकोन किंवा वर्तुळ ठेवून सरासरी घ्या. बोटांच्या बेचक्यांत दिसणाऱ्या उजळ रेघा मोजू नका, तिथे ऊब कोंडलेली असते.

वही अशी दिसेल:

अंगठा: उजवा २९.१, डावा २८.८, फरक ०.३
अंगठ्यामागचा चवडा: २९.६, २९.३, फरक ०.३
चवड्याचा मध्य: २९.५, २९.४, फरक ०.१
करंगळीमागचा चवडा: ३१.९, २९.२, फरक २.७
तळव्याचा मध्य: ३०.२, ३०.०, फरक ०.२
टाच: २७.८, २८.१, फरक उणे ०.३

इथे पाच जागा एकमेकींना धरून आहेत आणि एकच सुटून वर गेली आहे. चित्र असं दिसलं की मोजणीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. याउलट सहाही जागा उजवीकडे १.५ अंशाने जास्त आल्या तर आधी पंख्याकडे, मोज्याकडे आणि बसण्याच्या पद्धतीकडे बघा. आकड्यांशेजारी खोलीचं तापमान, वेळ, आदल्या दिवशीचं चालणं आणि नवीन चप्पल-बूट घातले असतील तर तेही लिहा.

सुरुवातीचे दोन आठवडे नुसती नोंद करा. काहींचा एक पाय कायमच थोडा जास्त उबदार असतो. आपला नेहमीचा फरक माहीत नसेल तर २.२ वरून काय बिघडलं हे कळत नाही. या दोन आठवड्यांतही मर्यादा ओलांडली तर दुर्लक्ष करायचं नाही, एवढंच.

## टप्पा ५ : अर्थ लावा

एकाच जागी २.२ पेक्षा जास्त. त्याच दिवशी अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही जास्त असेल तर त्या दिवसाचं चालणं कमी करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत मोजा. दोन्ही दिवस जास्त आलं तर डॉक्टरांना कळवा. दोन दिवसांची अट खोटे इशारे गाळण्यासाठी आहे, आठवडाभर वाट पाहण्यासाठी नव्हे.

अख्खं पाऊल गरम, सोबत सूज. इथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा शार्को फूट. शार्कोमध्ये संवेदना गेलेल्या पायाची हाडं-सांधे खचू लागतात, आणि दुखणं अगदी कमी किंवा अजिबात नसतं. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, म्हणून "एक्स-रेत काही नाही" एवढ्यावर समाधान मानून चालत राहू नका. निदान पक्कं होईपर्यंत त्या पायावर भार नको.

एक पाय किंवा काही बोटं स्पष्ट गार. ही रक्तपुरवठ्याची शंका. कॅमेऱ्याला वाहिनी तुंबल्याचं दिसत नाही, त्यासाठी नाडी, डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) आणि बोटातला रक्तदाब पाहावा लागतो. घोट्याजवळचा रक्तदाब मधुमेहात फसवा असू शकतो, कारण कडक झालेल्या धमन्या दबत नाहीत आणि आकडा चांगला येतो. पाय अचानक गार, पांढरा आणि दुखरा झाला तर ते तातडीचं आहे.

सगळं सारखं. म्हणजे आज फरक सापडला नाही, इतकंच. दोन्ही पायांना एकाच जागी दाह असेल तर वजाबाकी शून्य येते. रक्तपुरवठा कमी असलेला पाय संसर्ग होऊनही फारसा तापत नाही. जाड घट्टा आतली ऊब झाकतो. आणि खिळा किंवा काच टोचून झालेली जखम आधी गरम होऊन सांगत नाही. म्हणून डोळ्यांची तपासणी रोज, फोटो असो वा नसो.

## टप्पा ६ : फरक टिकला तर त्या दिवशी काय करायचं

१. चालणं आणि उभं राहणं जमेल तितकं कमी करा. घरातल्या घरातही अनवाणी नको. डॉक्टरांनी दिलेली खास पादत्राणं असतील तर तीच घाला.

२. बूट उलटा करून झटका, मग आत हात घालून त्या जागेखाली शिवण, खडा, दबलेलं सोल चाचपा. नवीन बूट असेल तर तो बाजूला ठेवा.

३. डॉक्टरांकडे दोन दिवसांचे आकडे, थर्मल आणि साधे फोटो, आणि रोजचे बूट घेऊन जा. नुसता रंगीत फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून उत्तराची वाट पाहू नका.

४. फरक पुन्हा मर्यादेच्या खाली येईपर्यंत रोज मोजा आणि चालणं हळूहळू वाढवा. एका दिवसाच्या चांगल्या आकड्यावर बाजाराची फेरी नको.

धोक्याची सूचना: गरम जागेला शेक देऊ नका, गार पडलेल्या पायाला तर मुळीच नाही. संवेदना नसलेल्या पायाला चटका बसला तरी कळत नाही. बर्फ लावून आकडा खाली आणणंही तसंच, त्याने फक्त मोजणी बिघडते. घट्टा ब्लेडने कापू नका, कुरूपाच्या ॲसिडच्या पट्ट्या लावू नका, सुजलेल्या जागी मालिश करू नका.

महिन्यातून एकदा दवाखान्यात थर्मल फोटो काढून घेतला की झालं, असं समजणारेही असतात. ब्रिटनमधल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत मासिक थर्मल फोटोमुळे जखमा परत होण्याचं प्रमाण घटलं नाही. महिन्याभराच्या अंतरात दाह सुरू होऊन कातडी फुटेपर्यंतचा सगळा प्रवास उरकू शकतो.

## जिथे ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही

एक पाय किंवा काही बोटं काढलेली असतील तर तुलनेला जोडी उरत नाही. अशा वेळी त्याच पायाच्या शेजारच्या जागांशी आणि त्याच जागेच्या मागच्या दोन आठवड्यांच्या आकड्यांशी तुलना करावी लागते. खोलीचं तापमान सारखं ठेवणं इथे दुपटीने महत्त्वाचं, कारण वजाबाकीत चूक पुसली जाण्याची सोय नाही. किती वाढ झाली की कळवायचं, हा आकडा आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एका पायाला जखम भरत असेल तर त्या पायाची ऊब काही काळ जास्तच राहणार. दुसऱ्या पायाकडे मात्र जास्त लक्ष हवं, सगळा भार आता त्याच्यावर आलेला असतो.

शार्कोसाठी प्लास्टर घातलेलं असेल तर मोजणी प्लास्टर बदलताना दवाखान्यातच होते. प्लास्टरमधून निघालेला पाय उबेला सरावलेला असतो, म्हणून दुसऱ्या पायाचा मोजाही त्याच वेळी काढून दोन्ही पाय १५ मिनिटं उघडे ठेवायला सांगा. घाईत ही १५ मिनिटं पहिली गळतात. फरक २ अंशांच्या आत आला तरी प्लास्टर कधी बंद करायचं हे सूज, एक्स-रे आणि आधीच्या भेटींचे आकडे एकत्र पाहून डॉक्टर ठरवतात.